राजाबाईच्या सोळा घंटा

दिवाळीच्या सुमारास यवतमाळ जिल्ह्यातील झरी जामणीच्या बाजूला गेलात, तर काळ्या शेतांत पांढरी बोंडे फुटलेली दिसतील आणि ओटीत कापूस वेचणाऱ्या बाया दिसतील. या वऱ्हाडी कापसाचा आणि मुंबईच्या राजाबाई टॉवरवरील घंटांचा काही संबंध आहे, असे कुणी म्हटले तर तुम्ही हसाल. पण संबंध आहे, आणि तो अगदी जवळचा आहे.

आपल्याकडची घंटा बहुधा एकटी. देवळात ती भक्ताच्या हातून वाजते. गावाला वेळ सांगणारी काशाची थाळी, तीही एकटीच. या थाळीला ‘तास’ म्हणत, आणि तिच्यावरूनच साठ मिनिटांच्या काळालाही आपण ‘तास’ म्हणू लागलो. बेल्जम व हॉलंडमध्ये मात्र नगरभवनांच्या आणि चर्चच्या मनोऱ्यांवर लहानमोठ्या घंटांचा ताफाच टांगण्याची जुनी चाल आहे. अशा सुरात लावलेल्या घंटांच्या ताफ्याला ‘कॅरिलॉन’ म्हणतात. जर्मनीत म्युनिकच्या नगरभवनावर 43 घंटा आहेत, आणि त्यांचे गाणे ऐकायला चौकात माणसांची गर्दी लोटते.

या घंटा गातात तरी कशा? युक्ती सोपी आहे. मुलांच्या खेळण्यात किल्ली दिली की गाणारी डबी असते ना, तिचाच हा थोरला भाऊ! एक भला मोठा रूळ, त्यावर ठरावीक अंतरावर बसवलेल्या खुंट्या. घड्याळाने वेळ झाली म्हणताच रूळ फिरू लागतो, खुंटी तरफ उचलते, तरफ तार ओढते आणि तारेच्या दुसऱ्या टोकाचा हातोडा घंटेवर पडतो. घंटा स्वतः हालत नाही. तिचा धातू म्हणजे सुमारे चार भाग तांबे व एक भाग कथील. घंटा जितकी मोठी, तितका स्वर खर्जातला. गंमत अशी, की घंटेच्या एका ठोक्यात अनेक स्वर मिसळलेले असतात आणि त्यांत कोमल गंधार हटकून असतो. त्यामुळे आनंदाची चाल वाजत असली, तरी तिच्यात किंचित हुरहूर राहतेच.

असा ताफा मुंबईला आला तो कापसाच्या पैशावर. 1861 साली अमेरिकेत यादवी पेटली. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग इंग्लंडची नजर वळली वऱ्हाड, खानदेश आणि गुजरातकडे. नागपूरपर्यंत लोहमार्ग पोचला तो 1867 साली. तोवर वऱ्हाडातला कापूस निदान पहिली मजल तरी बैलगाडीनेच करी. त्याच्या मोबदल्यात मुंबईत सोन्याचा पूर आला.

या पुरात सर्वांत उंच चढलेला माणूस म्हणजे प्रेमचंद रायचंद. 1831 साली सुरतेस जन्मलेला हा दलाल कापसाचा आणि शेअर बाजाराचा राजा बनला. 1864 साली त्याने मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले, आणि पाठोपाठ मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. अट एकच: मनोऱ्याला आईचे, राजाबाईचे, नाव द्यावे. आख्यायिका अशी, की राजाबाई अंध होत्या आणि जैन धर्माप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवत. त्यांना वेळ कळावी म्हणून मुलाने घंटा बांधल्या. खरेखोटे कोण जाणे! आई म्हटली की अशा कथा आपोआप जन्म घेतात.

पण पुढच्याच वर्षी, 1865 साली, अमेरिकेतील युद्ध संपले. कापसाचे भाव कोसळले, शेअरचे कागद रद्दी झाले आणि प्रेमचंदशेठचे दिवाळे निघाले. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचाही चढा भाव गेला. दिलेले दान मात्र विद्यापीठाजवळ सुखरूप होते. 1 मार्च 1869 रोजी पाया घातला गेला. आराखडा लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, आणि या गृहस्थांनी मुंबई कधी पाहिलीही नव्हती! मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातीजमातींचे 24 पुतळे बसवले, ते मात्र आपल्या रावबहादुर मुकुंद रामचंद्र यांनी घडवले. 1878 च्या नोव्हेंबरात 280 फुटांचा मनोरा पुरा झाला. एकंदर खर्च सुमारे साडेपाच लाख.

वर लंडनच्या लंड अँड ब्लॉकली कंपनीचे घड्याळ आणि 16 घंटा. त्यांच्यावर 16 चाली वाजत आणि दिवसातून चार वेळा चाल बदले. चाली सगळ्या विलायती: ‘रूल ब्रिटानिया’, ‘होम स्वीट होम’, हँडेलची रचना, राजाचे गीतसुद्धा. पैसा इथला, आईचे नाव इथले, आणि गाणे मात्र साहेबाचे!

वेळेच्या बाबतीत मात्र मुंबईकराने साहेबाचे ऐकले नाही. 1881 साली गव्हर्नर फर्ग्युसन यांनी मद्रासची वेळ मुंबईवर लादली. ती मुंबईच्या वेळेहून सुमारे अर्धा तास पुढे होती. लोकांचा विरोध एवढा झाला, की 1883 साली सरकारला तो हुकूम मागे घ्यावा लागला. पुढे 1906 च्या आरंभी आजची भारतीय प्रमाणवेळ आली, 39 मिनिटे पुढची. तरीही मुंबई नगरपालिकेने आपली जुनी वेळ चालूच ठेवली, आणि ती पुरती सुटली स्वातंत्र्यानंतरच. टोले कोणत्या वेळेला पडावेत हा प्रश्न केवळ घड्याळाचा नसतो. शहर कोणाचे, हा प्रश्न त्यात असतो.

आज ना ती राजवट राहिली, ना त्या 16 चालींचा थाट. कालांतराने एकच सुरावट उरली, पाव तासाने वाजणारी. मनोऱ्याची डागडुजी 2015 साली पुरी झाली, आणि 2018 साली ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारतींबरोबर त्यालाही युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले.

प्रेमचंदशेठची दौलत एका वर्षात गेली. आईच्या नावाने दिलेले तेवढे टिकले. त्या दानामागे कापूस वेचणाऱ्या किती हातांचे कष्ट होते, हे कुठल्याही शिळेवर कोरलेले नाही. म्हणून पुढच्या खेपेला ओव्हल मैदानावर उभे राहून ते टोले कानी पडले, तर राजाबाईंबरोबर वऱ्हाडच्या त्या काळ्या रानाचीही आठवण करावी. घंटेतल्या कोमल गंधाराचा अर्थ मग आपोआप कळेल.