विश्लेषण : हृदय सावरले, मग पाय का लटपटतात?

रुग्णालयातून घरी आलेला हृदयरुग्ण ‘खंगला’ की आपण ते आजाराचेच लक्षण समजतो. प्रत्यक्षात ही स्नायूंची झीज असते. ती मोजता येते आणि बऱ्याच अंशी रोखताही येते. शहापूर-मुरबाडसारख्या तालुक्यांत हा प्रश्न अधिक बिकट का, याचा आढावा.

छातीत दुखू लागले किंवा दम लागून अंगावर सूज आली की शहापूर-मुरबाडमधला रुग्ण आधी शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात पोहोचतो. अँजिओप्लास्टी, झडपेची शस्त्रक्रिया अशा मोठ्या उपचारांसाठी तिथून पुढे कल्याण, ठाणे किंवा मुंबई गाठावी लागते. आठ-दहा दिवसांनी तो घरी येतो. सूज उतरलेली असते, दम कमी झालेला असतो आणि कागदावर प्रकृती ‘स्थिर’ असते. पण पडवीतून उठायला खांबाचा आधार लागतो, परसाकडे जाताना कुणीतरी सोबत लागते. ‘मोठ्या दुखण्यातून उठलाय, अंग सुकणारच,’ असे म्हणून घरचे गप्प बसतात. डिस्चार्जच्या कागदावरही याविषयी बहुधा एक ओळसुद्धा नसते.

दहा दिवसांत किती स्नायू जातात?

आपल्याला वाटते त्यापेक्षा बरेच जास्त. अमेरिकेतील संशोधकांनी २००७ मध्ये ठणठणीत ज्येष्ठांना दहा दिवस केवळ अंथरुणावर राहायला सांगितले. त्यांना कोणताही आजार नव्हता आणि जेवणही ठरलेल्या प्रमाणात मिळत होते. तरीही दहा दिवसांत त्यांच्या दोन्ही पायांतून मिळून जवळपास एक किलो मांस कमी झाले.

हृदयरुग्णाच्या बाबतीत या विश्रांतीत आजार, ताप, भूक मंदावणे आणि तपासणीसाठी उपाशी राहणे यांची भर पडते. शिवाय त्याचे वय साठीच्या पुढचे असले तर स्नायू आधीच उतरणीला लागलेले असतात. वयानुसार होणाऱ्या या झिजेला ‘सार्कोपेनिया’ म्हणतात. हृदयविकारामुळे शरीर झपाट्याने वाळू लागते, तेव्हा त्याला ‘कार्डिॲक कॅकेक्सिया’ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘खंगणे’ हा नेमका शब्द आहे. फक्त तो आपण उपचाराशी जोडत नाही, नशिबाशी जोडतो.

दुखणे हृदयाचे, झीज पायांची, असे का?

हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी झाली (हार्ट फेल्युअर) की स्नायूंना रक्त आणि प्राणवायू कमी पोहोचतो. रक्त मागे तुंबल्याने यकृत आणि आतड्यांवरही सूज येते. म्हणून दोन घास खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटते, मळमळते आणि खाल्लेले नीट अंगीही लागत नाही. आजारामुळे शरीरात एक मंद दाह चालू असतो. त्या दाहात स्नायू मोडण्याचा वेग वाढतो आणि नवे बांधण्याचा वेग कमी होतो. श्वास घ्यायलाच जास्त मेहनत पडत असल्याने शरीराचा खर्च वाढलेला असतो आणि आवक घटलेली असते. मग शरीर मांड्या, दंड आणि खांदे यांच्याकडून उसनवारी करते.

हा फक्त म्हाताऱ्यांचा प्रश्नही नाही. लहानपणी घसा दुखून येणाऱ्या संधिवाताच्या तापामुळे हृदयाच्या झडपा खराब होण्याचा आजार ग्रामीण भारतात अजून आहे. त्यात तिशी-चाळिशीतल्या बायकाही दमून, वाळून जातात. घरात त्यांना ‘मुळातच बारीक’ समजले जाते, म्हणून झीज नजरेत यायला आणखी उशीर होतो.

वजन तर तेवढेच आहे, मग झीज कशी?

वजनकाटा इथे हमखास फसवतो. हार्ट फेल्युअरमध्ये अंगात पाणी साठते. तीन किलो मांस गेले आणि तीन किलो पाणी भरले तर काट्यावर फरक शून्य. उलट रुग्णालयात लघवीची औषधे देऊन पाणी काढले की वजन एकदम उतरते. घरचे घाबरतात, पण उतरलेले ते वजन पाण्याचे असते, मांस त्याआधीच गेलेले असते. म्हणून सूज उतरल्यानंतरचे ‘कोरडे’ वजन लिहून ठेवणे महत्त्वाचे. पुढची सगळी तुलना त्या आकड्याशी करायची. सहा महिन्यांत, न ठरवता, वजन ५ टक्क्यांहून जास्त उतरले तर ती धोक्याची खूण मानतात. ५० किलोच्या माणसासाठी म्हणजे अडीच किलो.

दुसरी सोपी मोजणी पोटरीच्या घेराची. आशियाई देशांतील तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये ठरवलेल्या निकषांनुसार पोटरीचा सर्वांत जाड भागाचा घेर पुरुषांत ३४ सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर पुढची तपासणी करावी. मुळात सडपातळ माणूस या मापात सहज अडकेल, त्यामुळे याला निदान समजू नये. पायावर सूज असताना तर हे माप निरर्थकच. त्याच गटाची आणखी एक चाचणी आहे : हात न टेकता खुर्चीवरून सलग पाच वेळा उठा-बसायला १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर पायांची ताकद कमी झाली असे समजावे. खुर्च्यांच्या जगात बनलेली ही चाचणी आपल्याकडे जरा परकीच वाटते. इथली रोजची परीक्षा जमिनीवरून उठण्याची, उकिडवे बसण्याची आणि पाण्याचा हंडा उचलण्याची आहे. भातसा आणि तानसा धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्याच कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. अशा घरातल्या बाईला पायांतली ताकद परत मिळणे म्हणजे काय, हे कुठल्याही निकषाशिवाय कळते.

एक विसंगती इथे नोंदवायलाच हवी. या आदिवासी पट्ट्यात लहान मुलाच्या दंडाला अंगणवाडीत पट्टी लागते. घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की मूल तीव्र कुपोषित ठरते आणि पुढची यंत्रणा हलते. ते योग्यच आहे. पण त्याच घरात हृदयविकाराने वाळलेल्या आजोबांच्या दंडाला किंवा पोटरीला कुणी टेप लावत नाही. मोठ्या माणसाचे कुपोषण आपल्या यंत्रणेला अजून नीट दिसतच नाही.

झीज झाली तर जिवाला धोका किती?

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९९७ मध्ये आलेल्या अभ्यासात, जुनाट हार्ट फेल्युअर असलेल्यांपैकी खंगलेल्या रुग्णांतील ५० टक्के दीड वर्षात दगावले. न खंगलेल्यांत हे प्रमाण १७ टक्के होते. तेव्हापासून औषधे खूप सुधारली आहेत, पण खंगणे हा स्वतंत्र धोका आहे हे त्या आकड्यांनी दाखवले.

आहाराने फरक पडतो का, याचे उत्तर अलीकडे मिळू लागले आहे. स्वित्झर्लंडमधील रुग्णालयांत कुपोषणाचा धोका असलेल्या ६४५ हार्ट फेल्युअर रुग्णांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या ताटाकडे आहारतज्ज्ञाने जातीने लक्ष दिले, त्यांच्यात ३० दिवसांतले मृत्यू ८.४ टक्के होते. नेहमीचे जेवण मिळालेल्यांत ते १४.८ टक्के होते. स्पेनमधील १२० कुपोषित रुग्णांच्या छोट्या अभ्यासातही वर्षभरात मृत्यू किंवा पुन्हा भरती होण्याचे प्रमाण साधारण ६१ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर आले. स्वित्झर्लंडचा वॉर्ड आणि आपला वॉर्ड एक नव्हे, हे मान्य. पण तिथे दिले ते काही महागडे औषध नव्हते. पुरेसे उष्मांक आणि पुरेशी प्रथिने, एवढेच.

मग ताटात कमी काय पडते?

हिशेब करून पाहू. हार्ट फेल्युअरच्या कुपोषित रुग्णाला दर किलो वजनामागे दिवसाला किमान १.१ ग्रॅम प्रथिने मिळावीत, अशी तज्ज्ञांची शिफारस आहे. ४८ किलोच्या माणसाला म्हणजे सुमारे ५३ ग्रॅम. या भागात मुख्य अन्न भात. दिवसभरात ३०० ग्रॅम तांदूळ पोटात गेला तर त्यातून २४ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात, ३० ग्रॅम तूरडाळीतून साडेसहा. बेरीज तिसाच्या आसपास. आजारात भूक निम्म्यावर आली की ती वीसच्याही खाली जाते. रेशनवर मिळणारे धान्य पोट भरते, पण डाळ बाजारातून विकत आणावी लागते. म्हणून ती पातळ होते आणि शेवटी वरणाचे पाणी उरते. पावसाळ्यात घरातले धान्य आटते, तेव्हा हे आणखी खालावते.

ही तूट भरून काढणे अशक्य नाही. दोन अंड्यांतून १२-१३ ग्रॅम मिळतात. मूठभर (३० ग्रॅम) शेंगदाण्यांतून ७ ग्रॅम, दात नसतील तर कूट करून. डाळ पंधरा ग्रॅमने वाढवली तर आणखी तीन. भातानंतर शेतात होणारे वाल, हरभरा, तूर, ओढ्यातले ताजे मासे आणि खेकडे ही इथलीच प्रथिने आहेत. त्यापुढे दुकानातला महागडा प्रथिनांचा डबा बहुतेकांना लागत नाही. तो घ्यायला सांगितलाच, तर कशासाठी ते विचारावे. एक मात्र खरे : नुसती प्रथिने वाढवून भात तोडला तर उपयोग नाही. उष्मांक कमी पडले की शरीर प्रथिनेच सरपणासारखी जाळते.

पथ्याचा अतिरेक हाही मोठा अडथळा आहे. रुग्ण घरी येतो तो ‘बंद’ची यादी घेऊन : तेल बंद, अंडी बंद, मटण बंद, भात कमी, मीठ बंद. लठ्ठ, मधुमेही शहरी माणसाला बेतलेले पथ्य ४२ किलोच्या कातकरी किंवा ठाकूर बाईला लावले तर तिच्या ताटात उरणार काय? मीठ कमी हवेच. सुकट, खारवलेली मासळी, लोणचे, पापड, वेफर्स टाळलेले बरे. पण सहा देशांतील ८०६ हार्ट फेल्युअर रुग्णांवरच्या २०२२ च्या अभ्यासात मिठावर फार कडक बंधन घालून मृत्यू किंवा भरती कमी झाल्याचे दिसले नाही. अळणी म्हणून अर्धे ताट परत जात असेल, तर ते पथ्य महागात पडते. लिंबू, कोकम, आले, लसूण, कोथिंबीर यांनी चव आणता येते.

काही खबरदाऱ्या मात्र पक्क्या लक्षात ठेवाव्यात. सैंधव मीठ हेही मीठच, त्यातही सोडियम असते. ‘लो सोडियम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात पोटॅशियम असते. हृदयाच्या काही गोळ्यांसोबत ते रक्तात धोकादायक पातळीला जाऊ शकते, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिने किती, हेही डॉक्टरच ठरवतील. झडप बदललेली असून वॉरफरिन चालू असेल, तर पहिल्या पावसानंतर पालेभाज्यांचा एकदम मारा करू नये. त्यातल्या व्हिटॅमिन ‘के’मुळे औषधाचा परिणाम कमी होतो. टाकळा, कुर्डू सोडायची गरज नाही. प्रमाण रोज साधारण सारखे ठेवावे आणि रक्ताची तपासणी चुकवू नये.

रुग्णालयात असतानाच काय करता येईल?

भरती होताना दोन प्रश्न पुरेसे आहेत : अलीकडे आपोआप वजन उतरले का? भूक नसल्याने जेवण कमी झाले का? उत्तर ‘हो’ असेल तर आहारतज्ज्ञाला बोलवायला सांगावे. तपासणीसाठी उपाशी ठेवले आणि ती पुढे ढकलली गेली, तर ‘आता जेवण देऊ का?’ हे परिचारिकेला लगेच विचारावे. संकोचापायी दुपार निघून जाते. रुग्ण दमत असेल तर दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडे थोडे द्यावे. ताट किती परत गेले ते राउंडच्या वेळी सांगावे. शहापूर-मुरबाडहून मुंबईला आलेल्या नातेवाइकांना घरचा डबा रोज पोहोचवणे शक्य नसते, त्यामुळे रुग्णालयाचे जेवण रुग्णाच्या पोटात जाते की नाही यावरच बरेच अवलंबून असते. ताट आले याचा अर्थ ते खाल्ले गेले असा नव्हे.

हालचाल हा उपचाराचा दुसरा अर्धा भाग. डॉक्टरांनी परवानगी दिली की खाटेच्या कडेला बसणे, जेवण बसून करणे, उभे राहणे, वॉर्डात चार पावले टाकणे, असे टप्प्याटप्प्याने जावे. अमेरिकेत साठीपुढच्या ३४९ हार्ट फेल्युअर रुग्णांना रुग्णालयापासूनच तोल, ताकद आणि चालण्याचा व्यायाम दिला गेला. तीन महिन्यांनी त्यांची चालण्या-उठण्याची क्षमता इतरांपेक्षा स्पष्टपणे सुधारली होती. पुन्हा भरती होणे मात्र त्याने फारसे घटले नाही. तरी स्वतःच्या पायाने परसाकडे जाता येणे ही छोटी गोष्ट नव्हे.

घरी आल्यावर?

‘आता काही करू नको, पडून राहा’ हा मायेचा सल्ला सर्वांत घातक. ओट्यावरून किंवा खाटेवरून हात न टेकता उठ-बस, दिवसातून दोन-तीनदा, जमेल तितक्या वेळा. अंगणात फेऱ्या, रोज थोड्या वाढवत. चालताना बोलता आले पाहिजे इतकाच वेग. छातीत दुखले, चक्कर आली किंवा दम वाढला तर थांबायचे. बायपास झाली असेल तर छातीचे हाड जुळेपर्यंत हंडा आणि लाकडाचा भारा उचलायचा नाही.

रोज सकाळी लघवी करून आल्यावर, काही खाण्याआधी वजन करावे. घरात काटा नसेल तर आठवड्यातून एकदा जवळच्या उपकेंद्रात. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते पाणी आहे. तिथे वाट पाहायची नाही, डॉक्टर गाठायचा. महिन्यागणिक हळूहळू उतरत असेल तर ती झीज आहे. तेव्हा पुढच्या तारखेला आधी त्याविषयी बोलायचे आणि रक्तातले लोहही तपासायला सांगायचे. हार्ट फेल्युअरच्या जवळपास निम्म्या रुग्णांत लोहाची कमतरता आढळते आणि ती स्नायूंना आणखी थकवते.

दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांत हे सगळे वेळापत्रक मोडते. निघण्यापूर्वी किमान महिन्याच्या गोळ्या, डिस्चार्जचा कागद आणि त्यावर लिहून घेतलेले ‘कोरडे’ वजन सोबत घ्यावे. म्हणजे भट्टीजवळच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला तुलनेसाठी हाताशी काहीतरी असेल.