विश्लेषण : राजगड जागतिक वारसा, मग शेजारचा तोरणा का नाही? दर्जामुळे नेमके काय बदलते?

पॅरिस येथे ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाखाली १२ किल्ल्यांचा यादीत समावेश केला. त्यात वेल्हे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातील राजगड आहे. मात्र समोरच उभा असलेला तोरणा आणि भोर तालुक्यातील रोहिडा, रायरेश्वर यादीत नाहीत. त्यामुळे हे किल्ले दुय्यम ठरतात का?

निवड कशी झाली?

महाराष्ट्रात ३९० हून अधिक किल्ले आहेत. त्यातून सर्वाधिक महत्त्वाचे किल्ले क्रमवारीने निवडणे, असे या प्रस्तावाचे स्वरूप नव्हते. हे मालिका नामांकन होते. त्यात प्रत्येक किल्ला दुर्गरचनेचा एक प्रकार मांडतो. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, रायगड, राजगड आणि तमिळनाडूतील जिंजी हे डोंगरी किल्ले. प्रतापगड अरण्यातील, पन्हाळा पठारावरचा, विजयदुर्ग किनाऱ्यावरचा, तर खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे जलदुर्ग. त्यामुळे यादीत नसलेला किल्ला कमी मोलाचा, असा अर्थ निघत नाही.

राजगडाचे वेगळेपण काय?

रायगडापूर्वी सुमारे पाव शतक स्वराज्याचा कारभार राजगडावरून चालला. मुरुंबदेवाच्या डोंगरावर आखणी करून तो उभारला गेला. मधोमध बालेकिल्ला आणि तीन दिशांना पसरलेल्या पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या. संजीवनीची चिलखती तटबंदी, म्हणजे एका भिंतीला बाहेरून दुसरीचे कवच, दुर्गस्थापत्याचा उत्तम नमुना मानली जाते. सईबाईंचे निधन १६५९ मध्ये याच गडावर झाले. राजाराम महाराजांचा जन्मही इथलाच, १६७० चा.

तोरण्याचे महत्त्व कमी आहे का?

अजिबात नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर उंचीचा हा पुणे जिल्ह्यातील सर्वांत उंच किल्ला. विस्तारामुळे त्याला प्रचंडगड म्हणतात. तोरण्यावर सापडलेल्या धनातून राजगडाचे बांधकाम झाले, अशी परंपरा सांगते. बुधला माचीवरून राजगडाकडे जाणारी डोंगरधार आजही ट्रेकर तुडवतात. दोन्ही गड एकाच संरक्षणसाखळीतले; एक पाहिल्याशिवाय दुसरा पुरता कळत नाही.

दर्जामुळे काय बदलते?

दर्जा मिळाला म्हणून आपोआप मोठा निधी मिळत नाही. जबाबदारी मात्र वाढते. किल्ल्याभोवतीच्या राखीव पट्ट्यात काय बांधता येईल यावर मर्यादा येतात, मोठ्या बांधकामाची कल्पना युनेस्कोला आधी द्यावी लागते आणि ठरावीक काळाने अहवाल सादर करावा लागतो. दर्जा काढूनही घेतला जातो. नव्या पुलामुळे जर्मनीतील ड्रेस्डेनच्या एल्ब खोऱ्याचे नाव २००९ मध्ये यादीतून वगळण्यात आले. राजगडावर रोपवेची चर्चा झाली तेव्हा दुर्गप्रेमींनी विरोध केला होता. आता तसा कोणताही प्रस्ताव या चौकटीतूनच तपासावा लागेल. १२ पैकी आठ किल्ले केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. राजगड राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आहे.

पर्यटकांनी काय ध्यानात घ्यावे?

पुण्याहून येणारे बहुतेक जण भोर तालुक्यातील नसरापूर फाट्यावरून वेल्ह्याकडे वळतात. गुंजवण्याकडून चोर दरवाजाची वाट उभ्या चढाची, तर पाली दरवाजाची पायऱ्यांची वाट तुलनेने सोपी. पावसाळ्यात बालेकिल्ल्याचा कातळ निसरडा होतो.

गडावर नळ नाही. पावसाचे पाणी साठवणारी टाकी आणि तळी हाच आधार. त्यांच्या आसपास शौच, भांडी घासणे किंवा उष्टे टाकणे म्हणजे मागून येणाऱ्यांचे पाणी नासवणे. पूर्वी शेकडो जण पद्मावती माचीवर मुक्काम करत. कचरा आणि अस्वच्छता वाढल्याने २०२२ मध्ये राजगडावर रात्रीच्या मुक्कामास मनाई करण्यात आली. तेव्हा पहाटे चढून उजेडातच उतरण्याचे नियोजन करावे.

मग तोरण्याचे काय?

राजगडाच्या नावामुळे गर्दी वाढली, तर तिचा भार तोरणा, रोहिड्यावरही पडेल. त्यांना युनेस्कोच्या नियमांचे कवच नाही. म्हणून यादीबाहेरच्या किल्ल्यांवर स्वच्छता, पाणी आणि वाटांची व्यवस्था आधी होणे गरजेचे आहे.