घरावरची सौर वीज : लाइट गेल्यावर दिवा लागेल का?



केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना’ सुरू केली. तेव्हापासून आपल्याकडच्या गावागावांत स्लॅबवर आणि पत्र्यावर सौर पॅनेल दिसू लागली आहेत. ही गोष्ट चांगलीच आहे. मात्र ऊस नोंदीला किंवा बिलाच्या चौकशीला आलेले सभासद एक तक्रार हमखास करतात. “साहेब, पॅनेल बसवली, बिल कमी आलं हे खरं. पण लाइट गेली की आमच्या घरात अंधारच. भर दुपारी ऊन असताना पंखासुद्धा फिरत नाही. मग आमची फसवणूक झाली का?”

फसवणूक झालेली नाही. पण घेताना जे विचारायला हवे होते ते विचारले गेले नाही, आणि विकणाऱ्याने आपणहून सांगितले नाही. गावठाणातल्या माणसाला तास-दोन तास अंधार सोसतो. मळ्यात, चहूबाजूंनी उसाने वेढलेल्या वस्तीवर राहणाऱ्याची गोष्ट वेगळी. तिथे रात्री गोठ्यापर्यंत जायचे तर दिवा लागतोच. जुन्नर-शिरूर पट्ट्यात उसात बिबट्याचा वावर आहे हे सर्वांना ठाऊक आहे. वळवाच्या वाऱ्यात तारा तुटल्या किंवा डीपी जळाला तर वस्तीवरची लाइट येण्यास किती दिवस लागतील हे कोणीच सांगू शकत नाही. अशा घराने लाख-दीड लाख रुपये सौर विजेत घालावेत आणि नेमक्या गरजेच्या रात्री कंदील शोधावा, हे होऊ नये म्हणून हा लेख.

आता लाइट गेल्यावर पॅनेल बंद का पडतात ते पाहू. सूर्यघर योजनेत बहुतेक घरांवर बसते ती ‘ऑन-ग्रिड’ पद्धत, म्हणजे वीज मंडळाच्या तारेला जोडलेली. पॅनेलची वीज इन्व्हर्टरमधून घरात येते, उरलेली मीटरमधून बाहेर तारेवर जाते. ती किती गेली आणि आपण किती घेतली, याचा हिशेब नेट मीटर ठेवतो. आता समजा लाइट गेली आहे आणि आपल्याच गावचा वायरमन खांबावर चढून जंपर जोडतो आहे. त्या वेळी आपल्या घरातून तारेवर वीज जात राहिली तर त्याच्या जिवावर बेतेल. म्हणून तारेवरची वीज गेली की ऑन-ग्रिड इन्व्हर्टर आपोआप बंद झालाच पाहिजे, असा नियम आहे. तो बंद पडतो हा बिघाड नव्हे. काही हुशार मंडळी यावर ‘जुगाड’ सांगतात. तो ऐकू नये.

आपल्यासारख्या सभासदांना हे समजायला परके उदाहरण नको. सहवीजनिर्मिती प्रकल्प असलेल्या साखर कारखान्यात बगॅस जाळून टर्बाइन फिरते, कारखान्याला लागते ती वीज वापरून उरलेली मंडळाला दिली जाते. हंगामात बाहेरची लाइन गेली तर काय होते? ब्रेकर पडतो, कारखाना बाहेरच्या लाइनपासून वेगळा होतो आणि स्वतःच्या टर्बाइनवर गाळप चालू ठेवता येते. वेगळे होण्याची सोय आहे म्हणून हे जमते. शिवाय यार्डात बगॅसचा ढीग असतो, म्हणून ऊस गाडी थोडी उशिरा आली तरी बॉयलर विझत नाही.

घरासाठी हेच काम ‘हायब्रिड’ इन्व्हर्टर करतो. लाइट गेली की तो घराला बाहेरच्या तारेपासून तोडतो आणि पॅनेल व बॅटरी यांच्यावर घर चालवतो. वायरमनही सुरक्षित, घरात दिवाही चालू. बॅटरी म्हणजे आपला बगॅसचा ढीग समजा. तेव्हा ज्याला फक्त बिल कमी करायचे आहे त्याने ऑन-ग्रिड घ्यावे, ते स्वस्त आणि बिनत्रासाचे आहे. ज्याला लाइट गेल्यावरही दिवा हवा त्याने हायब्रिड व बॅटरी असेच मागावे. तिसरा प्रकार ‘ऑफ-ग्रिड’. यात मंडळाच्या तारेशी संबंधच नाही. ज्या वस्तीवर घरगुती मीटर पोचलेला नाही तिथे तोच एक मार्ग राहतो, पण त्याला सूर्यघर योजनेचे अनुदान मिळत नाही.

ज्यांनी ऑन-ग्रिड बसवून घेतले आहे त्यांनी सगळे काढून फेकण्याची गरज नाही. गावठाणात लाइट दोन-चार तासच जात असेल तर साधा घरगुती इन्व्हर्टर आणि एक बॅटरी पुरते. ती लाइट असताना भरते, गेली की दिवे-पंखे चालवते. त्यात उणीव एवढीच, की लाइट सलग दोन दिवस आली नाही तर बॅटरी संपते आणि वर ऊन असूनही पॅनेल तिला भरू शकत नाहीत. डीपी जळण्याची भीती असलेल्या मळ्यातल्या घराला म्हणून हायब्रिडच बरे.

आणखी एक प्रश्न वारंवार येतो. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतून विहिरीवर पॅनेल बसली आहेत, त्यांवर घर चालेल का? नाही. साध्या पंपाचा कंट्रोलर मोटर फिरवण्यापुरता असतो, आणि त्याला बॅटरी नसते. सूर्य मावळला की तोही झोपला. त्यातून वायर ओढून घरात दिवा लावण्याच्या फंदात पडू नये. पंपही जाईल आणि हमीही जाईल.

आता मुख्य मुद्दा, बॅटरी किती घ्यावी. इथेच जास्तीत जास्त पैसा वाया जातो. दुकानदार विचारतो “किती किलोवॅटचे पाहिजे?” आणि आपण शेजाऱ्याने घेतले तेवढेच सांगतो. वास्तविक कागद-पेन्सिल घेऊन कारभारणीबरोबर बसावे. रात्री घरात काय काय चालते ते तिलाच जास्त ठाऊक असते. किती वॅटची वस्तू किती तास चालते याचा गुणाकार करायचा. एक हजार वॅट एक तास चालले की एक युनिट.

एका वस्तीवरच्या घराचा हिशेब करून पाहू. नऊ वॅटचे चार दिवे पाच तास, म्हणजे १८०. अंगणातला १२ वॅटचा दिवा रात्रभर अकरा तास, १३२. टीव्ही ८० वॅटचा दोन तास, १६०. मोबाइल भरायला ४०. आणि ७५ वॅटचे दोन पंखे नऊ तास, १३५०. बेरीज १८६२, म्हणजे पावणेदोन युनिटांच्या थोडे वर. आता यातले पंखे पाहा. सगळ्या घराला मिळून जेवढे लागते त्याच्या जवळजवळ तीन-चतुर्थांश दोन पंखेच खातात! हेच दोन पंखे काढून बीएलडीसी जातीचे ३० वॅटचे लावले तर त्यांचे ५४० होतात आणि घराची बेरीज १०५२ वर येते. दोन पंखे बदलले आणि बॅटरीची गरज निम्म्याच्या जवळ आली. पंखे बदलायला काही हजार रुपये लागतात, बॅटरी दुप्पट घ्यायला त्याच्या कितीतरी पट. विकणारा हे सांगत नाही, कारण त्याला बॅटरी विकायची असते.

आता या बेरजेत इन्व्हर्टरमधली घट धरून दहा-पंधरा टक्के वाढवा, म्हणजे साधारण सव्वा युनिट. बाजारात ट्यूब्युलर लेड-ॲसिड बॅटरी १२ व्होल्ट १५० ॲम्पिअर-तासाची मिळते. बारा गुणिले दीडशे, म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. पण ही बॅटरी रोज निम्म्यापेक्षा जास्त उतरवली तर लवकर मरते. बैलाकडून रोज ताकदीबाहेर काम घेतले तर तो किती वर्षे टिकेल? तसेच हे. म्हणून एका बॅटरीची वीज ९०० धरावी. आपल्या हिशेबाला दोन बॅटऱ्या पुरतात. जुन्याच पंख्यांवर राहिलात तर दोन युनिटांच्या वर लागेल. त्याला तीन बॅटऱ्या हव्यात, आणि चोवीस व्होल्टच्या इन्व्हर्टरला जोडीनेच लावाव्या लागत असल्याने त्या चार होतात.

दुसरी जात लिथियमची, तीही ‘लिथियम आयर्न फॉस्फेट’ म्हणून विचारून घ्यावी. किंमत जास्त, पण ऐंशी टक्के उतरवली तरी चालते, पाणी घालावे लागत नाही, जागा थोडी लागते. लेड-ॲसिडची चार-पाच वर्षांत बदली करावी लागते, लिथियम चांगल्या वापरात दहा वर्षांच्या आसपास जाते. रोज रात्री बॅटरी वापरावी लागणार असेल तर लिथियम शेवटी स्वस्त पडते. महिन्यातून चार वेळा लाइट जाणाऱ्या घराला लेड-ॲसिड पुष्कळ झाली.

हिशेबात आम्ही फ्रिज घेतला नाही. घ्यायचा असेल तर रात्रीचे अर्धे युनिट वाढवा. कडबाकुट्टी, बोअरची मोटर आणि गिरणी मात्र बॅटरीवर कधीही टाकू नका. एक हॉर्सपॉवरची मोटर चालताना साडेसातशे वॅटच्या घरात घेते, पण सुरू होताना तिला त्याच्या कितीतरी पट झटका लागतो. इन्व्हर्टर तिथेच ट्रिप होतो. ही कामे दिवसा लाइट असताना उरकावीत. पाणी टाकीत चढवून ठेवावे. पाण्याने भरलेली टाकी हीसुद्धा एक बॅटरीच आहे, आणि ती कधी खराब होत नाही.

पॅनेलचा प्रश्न त्या मानाने सोपा. आपल्या भागात एक किलोवॅटची पॅनेल वर्षाची सरासरी धरता दिवसाला चार युनिटांच्या आसपास देतात. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त. म्हणजे रात्रीची बॅटरी भरायला एक किलोवॅटही पुरेल. तीन किलोवॅट घ्यायचे ते बिलासाठी. योजना सुरू झाली तेव्हा ठरलेले अनुदान पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० रुपये, मिळून ७८,०००. तीनपेक्षा मोठे घेतले तरी ७८,०००च. हे अनुदान पॅनेलच्या क्षमतेवर आहे. बॅटरीचा खर्च आपला आपण करायचा. अनुदानासाठी देशी बनावटीचे सेल असलेली पॅनेल आणि योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदलेला विक्रेता असावा लागतो, आणि पैसे काम पूर्ण होऊन नेट मीटर बसल्यावर ग्राहकाच्या बँक खात्यावर येतात. तोपर्यंतची तजवीज आधी करावी. उसाच्या पहिल्या हप्त्याच्या भरवशावर विक्रेत्याला तारीख देऊ नये.

जागा किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट लागते. तोंड दक्षिणेला, उतार आपल्या भागात सतरा ते एकोणीस अंश. नारळाची किंवा टाकीची सावली एका पॅनेलवर पडली तरी ओळीतल्या बाकीच्यांचे काम मंदावते, तेव्हा दुपारी नव्हे तर सकाळी नऊला आणि सायंकाळी चारला सावली कुठे येते ते पाहून जागा ठरवावी. जुन्या पत्र्यावर बसवत असाल तर आधी खालचे अँगल तपासा. पॅनेलच्या वजनापेक्षा खालून शिरणारा वारा घातक असतो.

आता आपल्याच घरची गोष्ट. हंगामात चिमणीची काजळी आणि पाचट जाळल्याची राख कारखान्याच्या परिसरात उडते. पॅनेलवर ती बसली की वीज कमी होते, आणि दव पडून वाळली की चिकटते. हंगामात दर आठ-दहा दिवसांनी पॅनेल धुवावीत. सकाळी लवकर किंवा सूर्य मावळल्यावर, मऊ फडक्याने. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग राहतात, शक्य तर साठवलेले पावसाचे किंवा विहिरीचे मऊ पाणी वापरावे. पाचट जाळू नका हे शेतकी विभाग जमिनीसाठी सांगतो, यापुढे घरच्या विजेसाठीही ऐकावे.

बसवताना दोन गोष्टींवर स्वतः उभे राहा. एक अर्थिंग. पॅनेलकडचे, घराकडचे आणि वीजरोधकाचे, अशी तीन वेगवेगळी हवीत. एकाच खड्ड्यात तिन्ही तारा गुंडाळून खर्च वाचवण्याची पद्धत दिसते, ती चालवून घेऊ नका. दुसरी, वायरिंग. हायब्रिड इन्व्हर्टरला लाइट गेल्यावर चालणारी बाजू वेगळी असते. ज्या खोल्यांतले दिवे-पंखे चालायला हवेत त्यांचा बोर्ड त्या बाजूला जोडावा लागतो, न्यूट्रलसह वेगळा. हे भिंती उकलण्याचे काम असल्याने पुष्कळदा टाळले जाते, आणि मग बॅटरी असूनही स्वयंपाकघरात अंधार राहतो. कोटेशनवरच लिहून घ्या, लाइट गेल्यावर कोणते दिवे, किती पंखे, किती तास. विक्रेता लिहून द्यायला कचरत असेल तर तो आपला विक्रेता नव्हे.

शेवटचा हप्ता देण्यापूर्वी एकदा दुपारी आणि एकदा रात्री मेन स्विच पाडून पाहावा. रात्री ठरलेले सगळे दिवे-पंखे लावून सकाळपर्यंत टिकतात का ते घरच्यांनीच पाहावे.

लेड-ॲसिड बॅटरी हवेशीर जागी ठेवा, भरताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. चुलीजवळ, देवघराजवळ किंवा पत्र्याखाली तापणाऱ्या माळ्यावर ती नको. दर दोन महिन्यांनी पाणी पाहावे आणि डिस्टिल्ड वॉटरच घालावे, नळाचे किंवा विहिरीचे नाही. बॅटरी संपल्यावर भंगारवाल्याला देऊन अंगणात फोडू देऊ नका, आतले शिसे व ॲसिड जमिनीत जाते. नवी घेताना जुनी दुकानदाराला परत द्यावी, तिची किंमत बिलातून वजा होते.