पिढ्यानपिढ्यांची गिऱ्हाइकी

बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेल्या तुळजापूरचे अर्थकारण प्रामुख्याने भवानीमातेच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांवर चालते, आणि मंदिरालगतच्या बाजारात खण, नारळ, हळद-कुंकू, बांगड्या, परडी, कवड्यांच्या माळा या वस्तू बहुतेक दुकानांत सारख्याच असल्यामुळे केवळ मालाच्या बळावर तेथे कोणाचा धंदा टिकणे कठीण असते. येणारा भाविक बहुधा कुलाचारासाठी, म्हणजे घराण्याच्या कुलदैवताच्या ठरलेल्या विधींसाठी येतो; लग्नानंतर जोडपे येते, पुढे तेच कुटुंब मुलाचे जावळ काढायला येते आणि ते मूलही मोठेपणी आपला संसार थाटल्यावर देवीच्या पायांवर डोके टेकवायला येते. त्यामुळे येथे एका गिऱ्हाइकाशी झालेला व्यवहार प्रत्यक्षात एका घराण्याशी झालेला असतो.

हे सर्वाधिक स्पष्टपणे दिसते ते पुजारी आणि यजमान यांच्या संबंधात. तुळजापुरात भोपे, पाळीकर आणि उपाध्ये असे परंपरागत पुजारी असून कित्येक घराण्यांचा पुजारी पिढ्यानपिढ्या ठरलेला असतो. श्रद्धेचे हे नाते निव्वळ व्यापाराच्या मापाने मोजणे गैर ठरेल. तरीही उतरण्याची सोय, अभिषेक, ओटी, पुरणाचा नैवेद्य आणि गोंधळ यांची व्यवस्था ज्याच्याकडे निर्धास्तपणे सोपवता येते, ज्याला घरातील माणसे आणि त्यांच्या चालीरीती ठाऊक असतात, त्याच्याकडे लोक पुन्हा का जातात, हे विक्री करणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावे असे आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांनी तर यजमानांच्या वंशावळी नामावळींत लिहून ठेवल्या. आजच्या कंपन्या संगणकावर ग्राहकांच्या नोंदी ठेवतात, त्यामागचा हेतू याहून फारसा वेगळा नाही.

व्यवस्थापनशास्त्राने हा विचार बराच उशिरा मांडला. थिओडोर लेव्हिट या अमेरिकी अभ्यासकाने विक्रीनंतरच्या संबंधांवरील आपला प्रसिद्ध लेख 1983 मध्ये लिहिला, आणि त्याच वर्षी लिओनार्ड बेरी यांनी संबंधाधारित विपणन, म्हणजे नवे ग्राहक शोधण्याइतकेच आहे ते ग्राहक सांभाळण्याला महत्त्व देणारी विक्रीपद्धती, ही संकल्पना मांडली. एखादा ग्राहक संबंध टिकून असेपर्यंत एकूण किती लाभ मिळवून देईल, या अंदाजाला ग्राहकाचे आजीवन मूल्य म्हणतात. उदाहरणादाखल, वर्षातून एकदा 500 रुपयांचे पूजासाहित्य घेणारे कुटुंब 20 वर्षे एकाच दुकानात आले, तर ती विक्री 10,000 रुपयांची होते. नवरात्राच्या गर्दीत त्याच कुटुंबाकडून 50 रुपये जास्त उकळणारा दुकानदार ही सारी विक्री पणाला लावत असतो.

शारदीय नवरात्र, कोजागरी आणि चैत्री पौर्णिमेला गर्दी इतकी असते की माल आपोआप खपतो, आणि नेमका तेव्हाच हा हिशेब विसरला जातो. वारसाने मिळालेला यजमान किंवा बापजाद्यांच्या वेळचे गिऱ्हाईक हा हक्क समजला, की सेवेत हयगय सुरू होते. पूर्वी भाविक ती मुकाट्याने सोसत असेल. आता मात्र रस्ते सुधारले आहेत, सकाळी येऊन संध्याकाळी परतता येते, मुक्कामाला लॉज आहेत आणि फसवणुकीची हकिगत मोबाईलवरून क्षणात नातेवाइकांपर्यंत पोहोचते. कर्नाटक-तेलंगणातून आलेल्या कुटुंबाला दर आधीच, त्यांना कळेल अशा भाषेत सांगणे, चप्पल सांभाळायला घेतली म्हणून खरेदीची सक्ती न करणे आणि खराब निघालेला नारळ तक्रार न करता बदलून देणे, एवढ्या साध्या गोष्टींनीही ते कुटुंब पुढच्या खेपेला गर्दीतून वाट काढत त्याच दुकानाचा शोध घेते.