कांद्याला वारा, माणसाला काच

नाशिक जिल्ह्यातल्या देवळ्यात कांद्याची चाळ बांधायला कुणी आर्किटेक्ट बोलावत नाही. एकपाखी चाळ असेल तर लांबी दक्षिणोत्तर, दुपाखी असेल तर पूर्व-पश्चिम. तळ जमिनीपासून फूट-दीड फूट उचललेला, पाखीची रुंदी चारेक फूट, बाजूंना फटी ठेवून मारलेल्या पट्ट्या किंवा जाळी. एवढं शेतकऱ्याला तोंडपाठ असतं. एप्रिल-मेमध्ये भरलेला उन्हाळ कांदा दिवाळीच्या तोंडापर्यंत टिकवायचा, तर त्याच्या खालून आणि बाजूंनी वारा फिरला पाहिजे, अंगावर ऊन-पाऊस येता कामा नये.

पुढे भाव साधतो आणि त्याच चाळीशेजारी बंगला उभा राहतो. तिथे मात्र हाच माणूस मोबाइलवरचा फोटो पुढे करतो. काळी लोखंडी चौकट, चौकोनाचौकोनांची काच, जमिनीपासून पार स्लॅबपर्यंत. मग ही खिडकी रस्त्याच्या बाजूला बसते, कारण ती लोकांना दिसायला हवी. रस्ता पश्चिमेला असला तरी.

या खिडकीशी माझं वैर नाही. कसमाद्यातल्या, म्हणजे देवळ्याच्या पट्ट्यातल्या, जुन्या धाब्याच्या घरांत भरदुपारी दिवा लावल्याशिवाय धान्य निवडता येत नसे. उजेडाची हौस मला पटते. पण ती करताना चाळीचं गणित विसरू नये.

ही खिडकी कारखान्यात वाढलेली. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यात ब्रेनट्री गावी फ्रान्सिस हेन्री क्रिटॉल यांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. त्यांनी १८८४ साली धातूची खिडकी घडवली आणि पाच वर्षांत तिची कंपनी झाली. लाकडाची चौकट जाड लागते, पोलादाची बोटभर पुरते; तेवढ्याच भोकातून जास्त उजेड येतो. बर्लिनमधला पीटर बेहरेन्स यांचा एईजी टर्बाइन कारखाना १९०९ सालचा, देसाऊची बाउहाउसची इमारत १९२६ सालची. या इमारतींनी काच-पोलादाला प्रतिष्ठा मिळवून दिली. चौकोनांच्या जाळीमागे मात्र निव्वळ काटकसर होती. मोठी, सपाट काच तेव्हा महाग असे. वितळलेल्या कथिलावर काच तरंगवण्याची पिल्किंग्टन कंपनीची पद्धत १९५९ साली जाहीर झाली, तेव्हापासून अशी काच स्वस्त होत गेली. त्याआधी लहान तुकडे जोडणंच परवडायचं, आणि एक फुटला तर एकच बदलावा लागे.

मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ साली पहिली कापड गिरणी स्थापन केली. पुढे गिरणगावात करवतीच्या दात्यांची छपरं दिसू लागली. प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची आणि तिचं तोंड उत्तरेला, म्हणजे मागावर उजेड पडावा पण थेट ऊन पडू नये. विणकाम खात्यात तर खिडक्या पुष्कळदा बंदच ठेवत, कारण कोरड्या हवेत सूत तुटतं. उजेड मिळाला तो कापडासाठी. वाऱ्याला कामगार महागच. आज त्या गिरण्यांच्या जागी मॉल आणि कार्यालयं आली आणि गिरण्यांच्या खिडक्या फॅशन म्हणून आपल्या हॉलमध्ये शिरल्या. नक्कल करताना उत्तर दिशा तेवढी मागे राहिली.

खरं तर ही खिडकी देवळ्यालाही नवी नाही. सरकारी दवाखाना, क्वार्टर्स, शाळा यांच्या ‘झेड सेक्शन’च्या खिडक्या आठवा. लांबी भरून बसवलेली काच, बाहेर उघडणारं झडप, भोकाभोकांची स्टेपट्टी. भारतीय मानक आयएस १०३८ मध्ये बसणारी ही खिडकी क्रिटॉलच्याच गोत्रातली. जिला आपण ‘सरकारी’ म्हणून हिणवलं, तीच काळा रंग लावून, दर वाढवून परत आली आहे.

आता उन्हाचा हिशोब. देवळा साडेवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला भरदुपारी सूर्य दक्षिणेला ४६ अंशांवर असतो. मेच्या चौथ्या आठवड्यात तो थेट डोक्यावर येतो आणि जूनमध्ये किंचित उत्तरेलाही सरकतो. दक्षिणेच्या भिंतीत सहा फूट उंच खिडकी ठेवली आणि तिच्या डोक्याशी दोन फुटांचा छज्जा काढला, तर डिसेंबरच्या दुपारी वरच्या दोन फुटांवरच सावली पडते, उरलेलं कोवळं ऊन आत येतं. २१ मार्चला तोच छज्जा सव्वापाच फूट झाकतो. पुढे उन्हाळ्यात तर दक्षिणेकडून ऊन येतच नाही. थंडीत ऊन, उन्हाळ्यात सावली, तीही बिनखर्चाची. उत्तरेची खिडकी याहून सोपी. जूनमधलं सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन सोडलं तर तिला त्रास नाही.

पश्चिमेला हा छज्जा हात टेकतो. वीस मेच्या आसपास संध्याकाळी पाच वाजता सूर्य क्षितिजापासून जेमतेम २७ अंश वर असतो. दोन फुटांच्या छज्ज्याची सावली फूटभर पडते. बाकी पाच फूट काच उघडी. आठ बाय सहा फुटांची साधी पारदर्शक काच म्हणजे सुमारे साडेचार चौरस मीटर. निरभ्र आकाशात त्या वेळी उभ्या भिंतीवर चौरस मीटरला पाचशे वॉटच्या घरात ऊन पडतं आणि साधी काच त्यातलं चार पंचमांश आत सोडते. म्हणजे पारा चाळिशीपलीकडे गेलेला असताना हॉलमध्ये हजार वॉटच्या जवळपास दोन शेगड्या पेटवल्या. पडदा लावून फार फरक पडत नाही, कारण ऊन काच ओलांडून आत आलेलंच असतं. त्याला बाहेर अडवावं लागतं, पडवीने, बाहेरच्या चिकाने किंवा कडुनिंबाने.

अडचण अशी की उन्हाळ्यात आपल्याकडे वाराही बहुतेक पश्चिमेकडूनच येतो. म्हणून पश्चिम बंद करून टाका असं मी म्हणणार नाही. तिथे खिडकी लहान ठेवा, पूर्ण उघडणारी ठेवा, आणि समोरच्या भिंतीत उंचावर वाऱ्याला बाहेर जायची वाट द्या. एकाच भिंतीला कितीही मोठी खिडकी असली तरी खोलीतला वारा हलत नाही, हे चाळ बांधणाऱ्याला कुणी शिकवायला नको.

फोटोतल्या खिडक्यांचा मोठा दोष हाच की त्यांचे बहुतेक चौकोन बंद असतात. राष्ट्रीय इमारत संहिता उष्ण-कोरड्या हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या निदान एक दशांश खिडकी मागते, आणि खिडकी अर्धवट बंद असेल तर उघडणारा भागच मोजते. बारा बाय पंधराची खोली म्हणजे १८० चौरस फूट. हवेत निदान १८. आठ बाय सहाच्या ऐटबाज खिडकीत दोन बाय तीनची दोनच झडपं असली तर हाती येतात १२. एवढ्या काचेची किंमत मोजून खोली कोंदटच. स्लायडिंग घेतली तर निम्मी बाजू कायम झाकलेली. झडपाची खिडकी पूर्ण उघडते, म्हणून माझं मत तिच्या बाजूने.

पोलाद की ॲल्युमिनियम? मुंबईत मरीन ड्राइव्हच्या परिसरातल्या आर्ट डेको इमारतींनाही पोलादी खिडक्या होत्या. समुद्राच्या खाऱ्या हवेने त्यांना छळलं. गंज फुगतो, चौकट वाकते, काच तडकते. देवळ्याची हवा वर्षातले बरेच महिने कोरडी, त्यामुळे पोलाद इथे मुंबईपेक्षा सुखाने नांदेल. अट एवढीच की सेक्शन गॅल्व्हनाइज्ड हवा, किंवा वेल्डिंगचा प्रत्येक सांधा घासून त्यावर झिंकचा प्रायमर हवा, आणि खालच्या चौकटीत पाणी साचता कामा नये. बॉक्स पाइपची खिडकी करणारे फॅब्रिकेटर पाइपची उघडी तोंडं बंद करायला विसरतात. मग ती आतून सडते आणि बाहेरून कळतही नाही. ॲल्युमिनियमला गंजाची काळजी नाही, वजन हलकं, पावडर कोटिंगही टिकतं. मात्र एका अखंड काचेवर वरून काळ्या पट्ट्या चिकटवून ‘इंडस्ट्रियल’ म्हणून विकतात ते घेऊ नका. काच फुटली तर अख्खी जाते आणि पट्ट्या उन्हात सुटतात. खरे चौकोन असतील तर पोरांच्या क्रिकेटमध्ये एकच तुकडा जातो.

वजनाचा विचार आधी करा. काच जाडीच्या दर मिलिमीटरला चौरस मीटरमागे अडीच किलो भरते. आठ बाय सहाच्या खिडकीत सहा मिलिमीटर काच म्हणजे नुसती काचच सदुसष्ट किलोच्या आसपास, दुहेरी घेतली तर दुप्पट. वाऱ्याच्या मानकात नाशिकसाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलेला आहे. त्या वेगाचा झोत या खिडकीवर चारशे किलोचा रेटा देतो. तेव्हा होल्डफास्ट काँक्रीटमध्येच गाडले गेले पाहिजेत, विटेत ठोकलेल्या खिळ्यांवर ही खिडकी सोपवू नका. डाळिंबाला झोडपणारी गार काचेलाही सोडत नाही. गुडघ्याच्या उंचीखाली येणारी आणि उघड्या माळाकडची काच टफनच घ्या. ती फुटली तर बोथट तुकडे होतात. टफन झाल्यावर तिला कापता किंवा भोक पाडता येत नाही, म्हणून ग्रॅनाइटची चौकट बसल्यावरच माप द्या. नकाशावरून दिलेलं माप हमखास अर्धा इंच चुकतं.

ग्रील आणि डासांची जाळी यांचं आधीच ठरवा. झडपं बाहेर उघडणार असतील तर ग्रील आत येते, जाळी त्याहून आत, आणि कडीपर्यंत हात पोचायला जाळीही उघडावी लागते. बिजागऱ्यांचंही तसंच. जुन्या सरकारी खिडक्यांना पुढे काढलेल्या बिजागऱ्या असत. झडप उघडलं की चौकट आणि झडप यांमध्ये हात जाईल एवढी फट पडायची आणि बाहेरची काच आतूनच पुसता यायची. वरच्या मजल्याला अशाच बिजागऱ्या मागून घ्या, आणि त्या खिडकीपुरती ग्रील उघडणारी ठेवा. चाळीत कांदा निवडायला घेतला की पापुद्रे उडत येऊन काचेला चिकटतात, त्यात रस्त्याची धूळ. आणि शिडी लावून बाहेरून काच पुसायला त्या दिवसांत घरात कुणी मोकळं नसतं.