वसाहतींचा अस्त – भाग 7 : ‘पास दाखव!’

1960 या एका वर्षात आफ्रिकेतले 17 देश स्वतंत्र झाले, हे आपण मागच्या भागात पाहिलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन केपटाऊनच्या संसदेत गेले आणि आफ्रिकेत बदलाचे वारे वाहताहेत, असं तिथल्या गोऱ्या खासदारांना त्यांनी तोंडावर सांगितलं. त्यानंतर सातच आठवड्यांत दक्षिण आफ्रिकेतल्याच शार्पव्हिलमध्ये पोलिसांनी गोळीबार केला.

दक्षिण आफ्रिकेला स्वराज्य 1910 मध्येच मिळालं होतं, पण ते गोऱ्या अल्पसंख्याकांचं. काळ्या बहुसंख्याकांसाठी वसाहत संपलीच नाही. 1913 च्या कायद्याने त्यांना देशाच्या साधारण 7 टक्के भूमीबाहेर जमीन घेण्यास बंदी केली. गोऱ्यांच्या सोन्याच्या खाणींना, शेतांना, स्वयंपाकघरांना मात्र त्यांचेच हात लागत. मजूर हवेत, पण शहरात त्यांचा संसार नको, हा सगळा पेच सोडवायला सरकारने पास वापरला.

1952 च्या कायद्याप्रमाणे सोळा वर्षांवरच्या प्रत्येक काळ्या पुरुषाला हे छोटं पुस्तक सतत जवळ बाळगावं लागे. त्यात फोटो, कराची नोंद आणि मालकाची सही. वेगळ्या परवानगीशिवाय शहरात 72 तासांपेक्षा जास्त राहायचं तर जन्म तिथलाच हवा, किंवा एकाच मालकाकडे सलग 10 वर्षं नोकरी, नाहीतर 15 वर्षांचं कायदेशीर वास्तव्य. आता कुणी नवव्या वर्षी मालकाशी भांडून नोकरी सोडली तर? नव्या मालकाकडे दहा वर्षांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून माणूस अपमान गिळून, कमी पगारावर तिथेच राही. वर्णभेद म्हटलं की आपल्याला वेगळे बाक आणि वेगळे डबे आठवतात, पण माझ्या मते त्याचा कणा हा पासच होता. त्यापायी दरवर्षी लाखो लोक पकडले जात.

सरकारने बायकांनाही पास लावायला घेतले, तेव्हा 9 ऑगस्ट 1956 रोजी सुमारे 20,000 स्त्रिया प्रिटोरियात सरकारच्या दारात पोचल्या. पुढे लिलियन न्गोयी, हेलन जोसेफ, रहिमा मूसा आणि सोफिया विल्यम्स होत्या : एक काळी, एक गोरी, एक भारतीय वंशाची, एक मिश्रवंशीय. पंतप्रधान भेटले नाहीत. पासविरोधी सह्यांचे गठ्ठे त्यांच्या कचेरीत ठेवून त्या अर्धा तास नि:शब्द उभ्या राहिल्या. या लढ्याचा इतिहास मंडेलांपासून सुरू करण्याची सवय आपण सोडायला हवी.

मग 1960. विद्यापीठातली नोकरी सोडून आलेल्या, पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेसच्या रॉबर्ट सोबुक्वे यांनी साधा मार्ग सांगितला : पास घरी ठेवा, पोलीस ठाण्यावर चालत जा आणि म्हणा, आम्हाला अटक करा. तुरुंगच भरून गेले तर कायदा चालणार कसा? (याच देशात 1908 मध्ये गांधीजींच्या नेतृत्वाखाली भारतीयांनी आपली नोंदणीपत्रं जाळली होती.) 21 मार्चला सोबुक्वे स्वतः ऑर्लँडोच्या ठाण्यावर गेले. शार्पव्हिलमध्ये हजारो नि:शस्त्र लोक ठाण्याभोवती जमले, आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सरकारी आकड्यानुसार 69 माणसं मेली. कित्येकांना गोळी पाठीत लागली होती. म्हणजे ती पळत होती.

आठ एप्रिलपर्यंत मंडेलांची आफ्रिकन नॅशनल काँग्रेस आणि सोबुक्वेंची पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेस, दोन्हींवर बंदी आली. सनदशीर वाटा बंद झाल्यावर पुढच्याच वर्षी मंडेला आणि सहकाऱ्यांनी शस्त्र उचललं. सोबुक्वेंची तीन वर्षांची शिक्षा संपली, तेव्हा त्यांना सोडावं लागू नये म्हणून संसदेने खास कलम केलं आणि त्यांना 1969 पर्यंत रॉबेन बेटावर एकटं ठेवलं. नंतरही किंबर्लीत ते निर्बंधांखालीच राहिले आणि 1978 मध्ये तिथेच वारले. पासचा कायदा रद्द व्हायला 1986 साल उजाडलं.

पुढच्या आठवड्यात लिंपोपो नदी ओलांडून ऱ्होडेशियाकडे जाऊ.