माफियाच्या घरचा जावई

लिलावाच्या मंचावर उभा असलेला माणूस नेमकं काय विकतो? चित्र त्याचं नसतं आणि पैसाही त्याचा नसतो. हातात एक छोटा लाकडी हातोडा, अंगात नीटस कोट आणि तोंडात आदबशीर भाषा, एवढंच त्याचं भांडवल. पण त्याने हातोडा आपटला की जो आकडा शेवटी उच्चारला गेला तो जगाच्या दप्तरात खरा ठरतो. क्षणापूर्वी ज्या वस्तूला किंमत नव्हती तिला किंमत येते, आणि तीही लेखी. अशा माणसाची सोयरीक न्यूयॉर्कच्या एका माफिया घराण्याशी झाली तर काय होईल? १९९९ सालच्या ‘मिकी ब्लू आइज’ या सिनेमाचा पाया ही एवढीच कल्पना आहे. सिनेमा फसला, पण त्या कल्पनेचं मला अजूनही नवल वाटतं.

गोष्ट अशी. मायकेल फेलगेट (ह्यू ग्रँट) हा इंग्रज गृहस्थ न्यूयॉर्कच्या ‘क्रॉमवेल्स’ नावाच्या लिलावगृहात काम करतो. जीना विटाले (जीन ट्रिपलहॉर्न) या शिक्षिकेवर त्याचं प्रेम आहे. चिनी हॉटेलात फॉर्च्यून कुकीतल्या चिठ्ठीतून मागणी घालायचा त्याचा बेत पार विस्कटतो, आणि शेवटी तो तोंडाने विचारतो तेव्हा ती रडत रडत नाही म्हणते. तिचं प्रेम आहे, म्हणूनच तिचा नकार आहे. तिचे वडील फ्रँक हॉटेल चालवतात, पण त्यांचा खरा धनी व्हिटो ग्राझिओसी हा टोळीचा म्होरक्या. घरात आलेला जावई हळूहळू टोळीत ओढला जाणार, हे ती लहानपणापासून ओळखून आहे. आपल्याकडे जावई म्हणजे दशमग्रह, सासुरवाडीने त्याच्या मर्जीत राहायचं. इथे सगळं उलटं आहे. सासरा प्रेमळ आहे, पाहुणचारात कसूर नाही, आणि धोका आहे तो नेमका त्या पाहुणचारात.

कारण टोळीचा सगळा व्यवहार उपकारावर चालतो. बँकेच्या कर्जाला मुदत असते, व्याजाचा दर असतो, फेडल्याची पावती मिळते. उपकाराला यातलं काहीच नसतं. कुणी तुमचं एक काम करून दिलं की ते कधी, कशाच्या रूपात आणि किती पटीने परत मागायचं हे देणारा ठरवतो. ‘द गॉडफादर’ (१९७२) लग्नाच्या मांडवातच सुरू होतो तो उगाच नाही. मुलीच्या लग्नाच्या दिवशी सिसिलियन बापाने कुणाची विनंती मोडायची नाही, हा रिवाज त्या प्रसंगाच्या मुळाशी आहे. बाहेर बँड वाजतोय, आत अंधाऱ्या खोलीत एकेक माणूस येऊन गाऱ्हाणं मांडतोय आणि आयुष्यभराचा मिंधा होऊन बाहेर पडतोय. त्या सिनेमात थोरला मुलगा सनी झाला होता जेम्स कान, ब्राँक्समध्ये ज्यू स्थलांतरितांच्या घरी जन्मलेला. सत्तावीस वर्षांनी ‘मिकी ब्लू आइज’मध्ये तोच सासरा फ्रँक झाला. ही निवड अचूक होती. त्याने नुसतं हसून जावयाच्या खांद्यावर हात टाकला, तरी प्रेक्षकाला मागचा सगळा इतिहास आठवतो.

आता मुख्य गंमत. व्हिटोचा मुलगा जॉनी स्वतःला चित्रकार समजतो. त्याची चित्रं भयानक आहेत. एकात तर येशू ख्रिस्ताच्या हातात मशीनगन आहे. ती चित्रं मायकेलच्या लिलावगृहात विकायची, हा टोळीने मागितलेला उपकार.

यात टोळीला काय मिळतं? टोळीकडे रोख पैसा पोत्याने असतो, पण तो कुठून आला हे सांगता येत नाही. तोच पैसा आपल्या ओळखीच्या माणसाच्या हाती द्यायचा आणि त्याने लिलावात आपल्याच चित्रावर बोली लावायची. चित्र ‘विकलं’ जातं. लिलावगृह आपली दलाली कापून घेतं आणि उरलेल्या रकमेचा चेक विक्रेत्याच्या नावे काढतं. त्या चेकमागे प्रतिष्ठित संस्थेचं नाव असतं, पावती असते, तारीख असते. त्यावर कर भरला की पैसा अंघोळ करून बाहेर! दलाली आणि कर हा धुलाईचा खर्च. घर किंवा सोनं घेऊनही पैसा पांढरा करता येतो, पण घराला आजूबाजूच्या घरांचा दर असतो आणि सोन्याला बाजाराचा भाव. चित्राला काय भाव? दोन माणसं हट्टाला पेटली की तोच भाव. चित्र वाईट आहे म्हणून किंमत खोटी, असं कुठलंही न्यायालय म्हणू शकत नाही. शिवाय विकणारा ‘खाजगी संग्रह’ या दोन शब्दांमागे लपू शकतो आणि घेणाराही पडद्याआड राहू शकतो. न्यूयॉर्कच्या लिलावांत तर राखीव किंमत गाठेपर्यंत लिलाव करणाऱ्याने विक्रेत्याच्या वतीने बोली पुकारण्याची पद्धतही होती. नजर सभागृहाच्या झुंबराकडे, आणि आकडा मात्र चढता.

प्रत्यक्षातली प्रकरणं याहून थक्क करणारी आहेत. ब्राझीलचा बँकर एडेमार सिद फेरेरा आर्थिक गुन्ह्यांत दोषी ठरला, त्याच्या संग्रहावर टाच आली, आणि त्यातलं ज्याँ-मिशेल बास्कियाचं ‘हॅनिबल’ हे १९८२ चं चित्र देशाबाहेर गेलं. २००७ साली ते न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरलं तेव्हा कागदावर किंमत होती १०० डॉलर. खरी किंमत सुमारे ८० लाख डॉलर. पेटीत एक सपाट चौकोन. तो किती मोलाचा हे नुसतं पाहून जकात अधिकाऱ्याने ओळखावं तरी कसं? युरोपीय संघात १० हजार युरो आणि त्यावरच्या कलाव्यवहारांत गिऱ्हाइकाची ओळख तपासण्याची सक्ती लागू झाली ती २०२० मध्ये, म्हणजे हा सिनेमा येऊन दोन दशकं उलटल्यावर.

सिनेमात लिलावगृह साधंभोळं आहे आणि पाप बाहेरून येतं. पण पुढच्याच वर्षी, २००० मध्ये, सदबीज आणि क्रिस्टीज या जगातल्या दोन सर्वांत मोठ्या लिलावगृहांनी आपसांत संगनमत करून दलालीचे दर ठरवल्याचं उघड झालं. दोघांना मिळून ग्राहकांना ५१ कोटी २० लाख डॉलर द्यावे लागले. सदबीजचे माजी अध्यक्ष आल्फ्रेड टॉबमन यांना तुरुंगवास झाला. टोळीवाल्यांना लिलावगृहाचं जे आकर्षण, ते लिलावगृहाच्या भिंतींआडही होतंच की!

या सगळ्याच्या मध्यभागी उभा आहे मायकेल. टोळीला त्याचा हातोडा नको आहे, त्याचं इंग्रज सौजन्य हवं आहे. ‘क्षमा करा’, ‘आभारी आहे’ म्हणणारा, अडखळत बोलणारा, खोटं बोलताना कानापर्यंत लाल होणारा माणूस मंचावर असला की त्या हिडीस चित्राचीही कुणाला शंका येत नाही. ह्यू ग्रँटला त्याच वर्षी ‘नॉटिंग हिल’ने जगभर प्रिय केलं ते याच लाजऱ्या सभ्यपणामुळे. म्हणजे नटाची खासियत हाच टोळीचा खरा माल! इतकी सुरेख जुळणी हाती असताना दिग्दर्शक केली मेकिन यांचा सिनेमा लिलावगृह सोडून धावत सुटतो. जॉनी अपघाताने मरतो, प्रेत लपवण्याची धावपळ होते, एफबीआय येते, आणि शेवटी लग्नसमारंभातच खोट्या मृत्यूचा बनाव रचला जातो. भीती एकदा पातळ झाली की हसूही पातळ होतं. जीना रडली होती ती कशाला, हे शेवटाकडे कुणालाच आठवत नाही. प्रेक्षकही एव्हाना चोखंदळ झाला होता. त्याच वर्षी जानेवारीत ‘द सोप्रानोज’ ही मालिका सुरू झाली होती आणि मार्चमध्ये ‘अ‍ॅनालाइझ धिस’ आला होता. टोळीवाल्यांच्या घरातली जेवणं, भांडणं आणि रात्रीची भीती लोकांनी जवळून पाहिली होती. व्हिन्सेंट पास्टोर आणि जॉन व्हेंटिमिल्या हे नट तर या सिनेमातही आहेत आणि त्या मालिकेतही.

तरी एक प्रसंग मी कितीही वेळा पाहीन. मायकेलला कॅन्सस सिटीचा गुंड ‘मिकी ब्लू आइज’ म्हणून टोळीवाल्यांसमोर न्यायचं आहे, म्हणून गाडीत बसून सासरा जावयाला बोलायला शिकवतो. फ्रँक एक वाक्य जिभेवर सहज घरंगळू देतो. शब्दाला शब्द चिकटलेला, शेवटचं व्यंजन गिळलेलं. मायकेल तेच म्हणतो आणि प्रत्येक अक्षर इस्त्री करून बाहेर येतं. पुन्हा प्रयत्न; आता तोंडात काहीतरी अडकल्यासारखा आवाज. दोन्ही नट जराही घाई करत नाहीत. सासऱ्याच्या चेहऱ्यावर आधी धीर, मग काळजी, मग माया. सबंध सिनेमा असा व्हायला हवा होता.

याच सांगाड्याला आठ वर्षांनी दुसरा जन्म मिळाला, आणि तो आपल्या ओळखीचा आहे. अनीस बज्मी यांचा ‘वेलकम’ (२००७): नायक लिलाव करणारा, नायिका डॉनच्या घरातली, आणि एक गुंड चित्रकार. साम्य लपत नाही. पण तिथे लग्नाची बाजूच फिरवली आहे. मुलगी नाही म्हणत नाही. तिचा भाऊ उदय शेट्टीच चांगल्या घरातला मुलगा शोधत दारोदार फिरतो आणि त्याच्या नावाला घाबरून कुणी सोयरीक करत नाही. नायकाच्या मामाचीही अट तीच, मुलगी सरळमार्गी घरातली हवी. मुलीचं स्थळ जमत नसल्याचं दुःख आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. मुरुड-जंजिऱ्यात जन्मलेल्या नाना पाटेकरांनी तो उदय इतक्या कळकळीने उभा केला आहे की त्याच्या दराऱ्याची भीती आणि त्याची कीव एकदमच वाटते. आणि त्या गुंड चित्रकाराचं, मजनूभाईचं, ते घोड्याच्या पाठीवर गाढव उभं असलेलं चित्र! काळ्या पैशाचा संबंध इथे सुटला, पण चित्रकाराचा अभिमान शेवटपर्यंत जिवंत ठेवला. ते चित्र आजही फोनाफोनी फिरतं, सिनेमा न पाहिलेल्यांनाही ठाऊक आहे.

दोन्ही सिनेमे पाहायचे असतील तर आधी ‘मिकी ब्लू आइज’ पाहावा. त्यातला लिलाव बघताना नजर चित्रावर नको, बोली लावणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर ठेवावी.